क्वीन्स पार्क स्विझल दर वेळी पाणचट होतो? आधी बर्फ तपासा

ग्लास भरून होतो तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. तळाशी हिरवा पुदिना, मध्ये तांबूस सोनेरी रम, वर बिटर्सची, म्हणजे कडू अर्काची, लाल टोपी. पाच-सात मिनिटं जातात न जातात तोच तिन्ही रंग मिसळून गढूळ तपकिरी होतात, बर्फ अर्ध्यावर बसतो आणि घोट घेतला तर चव पातळ, बोथट लागते. घरी क्वीन्स पार्क स्विझल, म्हणजे कुटलेल्या बर्फात काडी फिरवून केलेलं हे रमचं कॉकटेल, करणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते आणि ती एकदा होऊन थांबत नाही, दर खेपेला होते. मग माणूस रम बदलतो, महागडी बाटली आणतो, लिंबू कमी-जास्त करतो, गोडी वाढवून बघतो. तरी पेय पाणचट ते पाणचटच, कारण दुखणं तिथे नसतंच. ते बर्फात असतं. आणखी नेमकं सांगायचं तर बर्फाला आधीच चिकटलेल्या पाण्यात.

रम, पुदिना आणि सोड्याचा मोहितो सगळ्यांना ठाऊक असतो, हा त्याचा वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा नातलग. तिथल्या राजधानीचं, पोर्ट ऑफ स्पेनचं, नाव मराठी क्रिकेटवेड्यांना वेगळं सांगायला नको. १९७१ च्या मार्चमध्ये तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदाच हरवलं. मालिकेतली शेवटची कसोटीही तिथेच झाली, गावसकरांच्या १२४ आणि २२० धावांची. त्याच शहरात क्वीन्स पार्क सवाना नावाचं अफाट मोकळं पटांगण आहे आणि त्याच्या कडेला एके काळी क्वीन्स पार्क हॉटेल होतं. हॉटेल आता राहिलेलं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या बारमुळे हे पेय जगाला कळलं, आणि नाव मात्र टिकलं.

यातली रम डेमेरारा, म्हणजे शेजारच्या गयानातल्या डेमेरारा नदीकाठची. वर पडणारे बिटर्स अँगोस्टुरा, जे १८७० च्या दशकापासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच बनतात. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आधी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून गयानात आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर नेले गेले. ही रम आणि ही साखर त्यांच्या घामातून आलेली आहे. ती ग्लासात ओतताना एवढं माहीत असलंच पाहिजे असं मला वाटतं.

आता माप. उंच, सरळ, साधारण ३५० मिलीचा ग्लास. ६० मिली रम, १८ ते २० मिली ताजा लिंबाचा रस, १५ मिली डेमेरारा (जाडसर, तपकिरी) साखरेचं सिरप, पुदिन्याची आठ-दहा पानं, अँगोस्टुराचे सहा ते आठ झटके आणि काठोकाठ कुटलेला बर्फ. सोडा नाही. मोहितोच्या सवयीने बरेच जण वरून सोडा ओततात, आणि तिथेच पेय हातचं जातं. यात लागणारं पाणी फक्त बर्फातून यायला हवं, तेही बेताने.

बर्फ ओला आहे की कोरडा

कुटलेला बर्फ मुठीत घट्ट दाबून बघा. बोटांच्या फटींतून लगेच पाणी गळलं तर तो ओला. कोरडा बर्फ बोटांना चिकटतो, दाबला की करकर वाजतो आणि मूठ उघडल्यावरही त्याचे खडे सुटे राहतात. स्विझल करण्याआधी ही एकच चाचणी करायची सवय लावली तरी अर्ध्याहून जास्त तक्रारी संपतात.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. बर्फ पेयाला थंड करतो तो मुख्यतः वितळताना. १ ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची ३३४ ज्यूल उष्णता खेचून घेतो. पण ग्लासात टाकण्याआधीच जो बर्फ वितळून पाणी झाला, त्याने ती उष्णता मिक्सरच्या भांड्यातून, पिशवीतून किंवा तुमच्या हातातून घेऊन टाकलेली असते. ते पाणी पेयात पडतं, पण फारसं काही थंड करत नाही. समजा ग्लासात २०० ग्रॅम बर्फ गेला आणि त्यात २५-३० ग्रॅम असं फुकटचं पाणी होतं. तुम्ही सरळ दोन मोठे चमचे नळाचं गार पाणी ओतलं असतं तरी तेच झालं असतं. त्यानंतर खरा गारवा यायला जो बर्फ वितळायचा तो वितळतोच, आणि पेयात पाणी दुप्पट होतं.

मिक्सरमध्ये फिरवलेला बर्फ इथेच दगा देतो. पातं फिरताना घर्षणाने बर्फ वितळतो, भांडं खोलीच्या तापमानाचं असतं, आणि हाती येतो तो एकसारखा चुरा नव्हे. तळाशी बर्फाचा चिखल आणि वर न फुटलेले तुकडे. चिखल सगळ्यात आधी विरघळतो. तुकड्यांमध्ये मोठ्या फटी राहतात, त्यांतून बिटर्स थेट तळाला उतरतात. मिक्सरशिवाय इलाज नसेल तर भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवा, बटण एकेक क्षणच दाबा, मोठ्या भोकांच्या चाळणीत बर्फ ओतून पाणी निथळू द्या आणि मग स्टीलच्या ताटात पातळ पसरून पंधरा-वीस मिनिटं पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. ढीग करून ठेवलात तर त्याची एकच ढेप होईल. पसरायचा म्हणजे पसरायचाच.

माझं मत विचाराल तर मिक्सरपेक्षा कापडी पिशवी शंभर पटींनी बरी. मांजरपाटाची जाड, धुतलेली, खळ निघालेली पिशवी घ्या. त्यात ट्रेमधले खडे भरा, तोंड पिळून धरा आणि पाटावर ठेवून बत्त्याने किंवा जड लाटण्याने हाणा. कापड बर्फावरचं पाणी शोषून घेतं, त्यामुळे बाहेर येणारा बर्फ कोरडा असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटला तर तेच पाणी आत साचून राहतं. जुन्या बारमध्येही बर्फ जाड कापडाच्या पिशवीत घालून लाकडी हातोडीनेच फोडत. खडे साधारण हरभऱ्याएवढे ते वाटाण्याएवढे हवेत. काही थोडे मोठे, काही बारीक राहिले तर बिघडत नाही.

गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ मात्र या कामाचा नाही. तो इतका बारीक असतो की ग्लासात दाबला की घट्ट बोळा होतो. त्यात काडी फिरत नाही, आणि पृष्ठभाग प्रचंड असल्याने तो बघता बघता विरतो. लादीचा बर्फ आणणाऱ्यांसाठीही एक महत्त्वाची गोष्ट. मासळी, औषधं वगैरे टिकवायला वापरतात तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, म्हणूनच अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला. निळसर लादी दिसली तर ती पेयासाठी नाही. शंका असेल तरी नको. घरी पिण्याचं पाणी ट्रेमध्ये गोठवणं सगळ्यात सुरक्षित.

घरच्या ट्रेचाही एक त्रास आहे, तो म्हणजे वास. फ्रीझरमध्ये सुरमई, ओलं खोबरं, आलं-लसणाचं वाटण असं सगळं शेजारी शेजारी असतं आणि उघड्या ट्रेतला बर्फ ते वास धरतो. खडे तयार झाले की झाकणाच्या डब्यात काढून ठेवा. पेयाला मागून काहीतरी खवट येतंय असं वाटत असेल तर रमेवर संशय घेण्याआधी नुसता एक खडा तोंडात टाकून बघा.

बर्फ कोरडा आहे, तरीही पाणी होतंय

मग ग्लास बघा. घरातला जाड बुडाचा उंच ग्लास वजनाला ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो. मे महिन्यात तो ३० अंशांवर असतो. तेवढी काच शून्यापर्यंत आणायलाच जवळपास २० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो, पेयाची गोष्ट अजून सुरूही झालेली नसते. म्हणून ग्लास अर्धा तास तरी फ्रीझरमध्ये ठेवायचा. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर त्यात बर्फ आणि पाणी भरून ठेवा, वापरायच्या वेळी सगळं ओतून टाका आणि ग्लास पुसून कोरडा करा.

खोलीच्या तापमानाची रम, लिंबू आणि सिरप मिळून साधारण ९५ मिली होतात. ते ३० अंशांवरून शून्याच्या जरा खाली न्यायला आणखी ३५ ग्रॅमच्या घरात बर्फ वितळतो. हे पाणी मात्र वाईट नाही. या पेयाला तेवढं पाणी लागतंच, त्याशिवाय रम टोचते आणि तिचे वास खुलत नाहीत. रम फ्रीझरमध्ये ठेवून केलेला स्विझल म्हणूनच उग्र लागतो. पुरेसं पाणी सुटतच नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात रम साध्या फ्रिजमध्ये ठेवावी, पुण्या-नाशकाच्या थंडीत बाहेर राहिली तरी चालते. फ्रीझर फक्त ग्लासासाठी आणि बर्फासाठी.

दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते आणि ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. ग्लासाच्या बाहेरून जे पाणी जमतं ते नुसतं टेबल ओलं करत नाही. हवेतल्या वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते, आणि ती उष्णता काचेतून आत जाते. बाहेर १ ग्रॅम पाणी जमलं तर आतला सुमारे ७ ग्रॅम बर्फ वितळेल एवढी ती असते. जुलैत रत्नागिरीत किंवा पणजीत बसून स्विझल केला आणि ग्लासावरून धारा लागल्या, तर आत काय चाललंय ते यावरून समजावं. ग्लासाभोवती कापडी रुमाल गुंडाळा, थेट पंख्याच्या झोतात ठेवू नका, आणि शक्य असेल तर वातानुकूलित खोलीत करा. पावसाळ्यात काचेवर पांढरं हिम धरण्याचा हट्टही सोडावा लागतो. आधी पाण्याचा थर जमतो, आणि तो गोठेपर्यंत पेयाची वेळ निघून जाते. स्टीलच्या पेल्यात हिम लवकर धरतं, पण मग रंग दिसत नाहीत. तांब्या-पितळेचा पेला नकोच. लिंबाचा आंबटपणा आणि ते धातू यांचं जमत नाही.

फिरवणं

कॅरिबियन बेटांवर या कामासाठी बोआ लेले नावाच्या झाडाची फांदी वापरतात. तिच्या टोकाला चार-पाच छोट्या काड्या चांदणीसारख्या बाहेर आलेल्या असतात. ती ग्लासात उभी धरायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये पुढेमागे गरागरा फिरवायची. ताक करताना रवी फिरवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही हालचाल शिकवावी लागत नाही, हात आपोआप चालतात. ग्लासाच्या तोंडात मावेल एवढी छोटी लाकडी रवी मिळाली तर ती उत्तम चालते, फक्त मसाल्याला किंवा ताकाला वापरलेली नको. नाहीतर लांब दांड्याचा चमचा तळव्यांत धरून फिरवा.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, चमच्याने गोल ढवळणं. त्याने बर्फाचा अख्खा गठ्ठा एकत्र फिरतो आणि रम तळालाच राहते. वरचा भाग पाणी, खालचा भाग जहाल, अशी तक्रार असेल तर कारण हेच. दुसरी चूक अतिफिरवणं. वीस-तीस सेकंदांत ग्लास हाताला सोसवेनासा गार होतो, बाहेर धुकं किंवा हिम धरतं. तिथे थांबायचं. पुढे फिरवत राहिलं तर फारसा गारवा वाढत नाही, फक्त पाणी वाढतं.

आणि टोक तळापर्यंत न्यायचं नाही. पुदिन्याच्या वर दोन बोटं ठेवूनच फिरवायचं, वर-खाली करायचं ते त्याच्या वरच्या पट्ट्यात. तळ ढवळला की पानं उसळून वर येतात, फाटतात आणि हिरवा थर संपतो.

थर मिसळतात

क्रम असा ठेवा. पानं तळाला, त्यावर लिंबू आणि सिरप, पानं हलक्या हाताने दाबून घ्या. मग थोडा बर्फ, इतका की पानं खाली अडकून राहतील. मग रम. मग ग्लासाच्या पाऊण भागापर्यंत बर्फ आणि फिरवणं. फिरवल्यावर बर्फ खाली बसतो. इथे बहुतेक जण लगेच बिटर्स टाकतात आणि फसतात, कारण तेव्हा बर्फ आणि द्रव एकाच पातळीला असतात. बिटर्स द्रवात पडले की ते पसरणारच. आधी पुन्हा कोरडा बर्फ भरा, काठाच्या वर घुमट येईपर्यंत. द्रवाच्या पातळीवर निदान दोन बोटं नुसता बर्फ दिसला पाहिजे. बिटर्स त्या घुमटावर झटकायचे. ते खड्यांच्या फटींतून सावकाश झिरपतात आणि लाल टोपी बराच वेळ टिकते. अँगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असल्याने ते खालच्या गोड द्रवापेक्षा हलके असतात, हेही इथे उपयोगी पडतं.

झटका म्हणजे किती, हा प्रश्न राहतोच. गच्च भरलेल्या बाटलीतून झटका छोटा पडतो, अर्धी रिकामी झाली की मोठा. तेव्हा नव्या बाटलीचे आठ आणि जुनीचे सहा, असा हिशेब ठेवला तर कडवटपणा फार पुढेमागे होत नाही. पहिलेच घोट कडू आणि शेवटचे नुसते गोड लागत असतील तर बिटर्सचा दोष धरू नका. नळी घुमटातच अर्धवट खोचलेली असते. ती तळाच्या दोन बोटं वरपर्यंत न्या आणि पिता पिता हळूहळू वर घ्या. नळी स्टीलची घ्यावी, कागदाची या बर्फात लवकर मऊ पडते.

फार आंबट

परदेशी पाककृतीतली लिंबं आणि आपली कागदी लिंबं यांत फरक आहे. अमेरिकेत दुकानात मिळतं ते मोठं, बिनबियांचं पर्शियन लाइम. आपलं कागदी लिंबू छोटं, पातळ सालीचं, जास्त आंबट आणि जास्त सुगंधी. कॅरिबियन बेटांवरचं जुनं लिंबूही याच जातीचं आहे, म्हणजे या पेयासाठी आपल्याकडचं लिंबू मुळाला जास्त धरून आहे. फक्त माप पर्शियन लिंबाच्या पाककृतीतून जसंच्या तसं उचललं तर आंबट होणार. तिथे २२ मिली लिहिलं असेल तर इथे १८ पासून सुरुवात करा. आणि 'अर्धं लिंबू' असं लिहिलं असेल तर त्यावर अजिबात जाऊ नका. एका कागदी लिंबातून कधी १० मिली निघतो, कधी १५. मापाने घ्या.

पिळलेलं अर्धं साल ग्लासात टाकायची जुनी पद्धत आहे. छान वास येतो, पण पेय रेंगाळत पिणार असाल तर टाकू नका. सालीतला कडूपणा हळूहळू उतरत राहतो.

पुदिना तुरट लागतो

पानं चेचलीत. मोहितोच्या बाबतीतही ही चूक होते, इथे ती जास्त बोचते, कारण सोड्याचं पाणी नसल्याने तुरटपणा लपत नाही. पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतो, त्या फुटायला हलका दाब पुरतो. पान लगदा झालं की आतला हिरवा, गवताळ कडवटपणा बाहेर पडतो. बाजारातली जुडी आणली की जाड देठं काढा, काळे डाग पडलेली पानं टाका, गार पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली पानं म्हणजे पुन्हा पाणीच. वर खोचायला कोवळ्या टोकाची डहाळी वेगळी ठेवा आणि खोचण्याआधी ती तळव्यावर एकदा हलकेच आपटा. नळी थोडी आखूड ठेवून डहाळीच्या अगदी शेजारी खोचली की प्रत्येक घोटाला नाक पुदिन्यात जातं. चवीचा अर्धा भाग तिथूनच येतो.

सिरप, गूळ आणि रम

सिरपसाठी वजनाने दोन भाग डेमेरारा साखर, एक भाग पाणी. २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, मंद आचेवर साखर विरघळली की गॅस बंद. उकळून तार आणायची नाही. एकतारी पाक बर्फावर पडला की घट्ट होऊन तळाला बसतो आणि मग वरचं पेय आंबट, शेवटचा घोट नुसता पाक. काचेच्या स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये हे सिरप महिनाभर राहतं.

डेमेरारा साखर न मिळाल्यास गूळ घालावासा वाटतो, आणि कोल्हापुरी गुळाची चव रमेशी जुळतेही. पण त्याचा खारटपणा पुदिन्यावर येतो आणि द्रव गढूळ होतो, रंगांचे थर दिसत नाहीत. निम्मा गूळ, निम्मी साधी साखर आणि दाट फडक्यातून गाळून घेतलं तर जमतं. नुसता गूळ मी वापरणार नाही.

रमेबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि पाणचटपणाशी तिचा संबंध सर्वांत कमी. गयानाच्या डायमंड डिस्टिलरीत अजूनही लाकडी भट्ट्या चालतात, तिथल्या एल डोराडोच्या जुन्या रम मिळाल्या तर चवीला खोली येते यात वाद नाही. पण आपल्याकडची ओल्ड मंक घेऊनही स्विझल उत्तम होतो. तिची तीव्रता ४२.८ टक्के, जुन्या अमेरिकी पाककृतींतली ८६ प्रूफ म्हणजे ४३ टक्के. माप बदलायची गरजच नाही. ओल्ड मंकला व्हॅनिलाची गोडी जास्त आहे, म्हणून सिरप १५ ऐवजी १२ मिली घ्या. पांढरी रम मात्र इथे हरवून जाते. बिटर्ससमोर तिचा टिकाव लागत नाही. महाराष्ट्रात रमेसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, तो काढून ठेवावा. आणि हा ग्लास गोड, गार असल्याने पटकन संपतो, पण त्यात पूर्ण लार्ज पेग आहे. गाडीची किल्ली त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात द्या.

चार-पाच जणांसाठी एकदम

पहिला ग्लास झकास, चौथा पाणी, असं होतं कारण तोवर कुटलेला बर्फ ओट्यावर बसून ओला झालेला असतो. रम, लिंबू आणि सिरप एकत्र मोजून बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन तास ते चांगलं राहतं. पुदिना त्यात घालू नका, काळा पडतो. बर्फ आधीच कुटून ताटात पसरून फ्रीझरमध्ये तयार ठेवा आणि एका ग्लासापुरताच बाहेर काढा. ग्लास एकेक करूनच भरा, पाहुण्यांनी थांबलं तरी चालेल. एका माणसाने ताट काढायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं अशी वाटणी केली तर पाचवा ग्लासही पहिल्यासारखाच उतरतो. दोन ग्लासांच्या मध्ये फ्रीझरचं दार उघडं ठेवू नका.